नदीला वळसा

गॉर्टनाड्रीन
२ सप्टेंबर १९६३

फेस्टस,

अक्षर ओळखणार नाहीस, कारण मी तुला कधी पत्र लिहिलेलंच नाही. सबायना. चर्चच्या वहीत अजून तुझी बायको.

पत्ता तुझ्या चुलतभावाकडून काढला. कोलमन ऑगस्टात सुट्टीला आला होता. "फेस्टसनं सांगितलंय, पत्ता द्यायचा नाही," म्हणाला. मी म्हटलं, "कोलमन, तू माझ्या टेबलाशी बसून माझं तिसरं अंडं खातोयस." मग दिला.

तू कसा आहेस ते विचारायला लिहीत नाही. परत ये म्हणायलाही नाही. मला एकच गोष्ट हवी आहे आणि ती लवकर हवी आहे.

आपलं बाळ कुठं पुरलंस?

सरकारनं नदी खोल करायला घेतली आहे. लांब सोंडेचं यंत्र आणलंय, त्याला दोरीवर बादली. मे महिन्यात पुलापाशी सुरुवात केली आणि आता वर सरकतंय. जिथं नदी वाकते तिथं सरळ करतात, काठ बारा-बारा फूट मागं कापतात. महिना संपायच्या आत आपल्या कुरणात येईल. काठात जे असेल ते बादलीतून वर येणार आणि चिखलाच्या ढिगात पडणार. ते मला चालणार नाही.

इतकी वर्षं मी धरून चालले की ते कोपरावर आहे. ओवेनड्रीन नदी आपल्या कुरणात शिरते आणि हाताच्या कोपरासारखी वळते तिथं, काटेझाडाखाली. त्या दिवशी नदी चढली होती. ओलांडताना पाय ठेवायचे दगड पाण्याखाली होते. म्हणजे पलीकडं लिशीनला तू जाऊ शकला नसशील. बाप्तिस्म्याआधी गेलेल्या पोरांना चर्चच्या जमिनीत जागा नसते, त्यांना तिकडं ठेवतात एवढं मला माहीत होतं. ते जमलं नाही तर मग हद्दीला, झाडाखाली ठेवतात. अलीकडच्या काठावर तशी जागा म्हणजे कोपरच. मी तिथं पांढऱ्या गारगोट्या मांडल्यात. गायींनी तुडवू नये म्हणून काटे लावलेत. एकोणीस वर्षं दर नोव्हेंबरात जाते.

पण तुझ्या तोंडून मी ते ऐकलेलं नाही. आईनं जायचं नसतं आणि विचारायचंही नसतं. नंतर विचारायला तू नव्हतास.

नदी विसरला असशील तर सांगते, म्हणजे खूण सांगता येईल. वर दलदलीतून निघते, तिथं तिला नदी म्हणणं म्हणजे थट्टाच, पाऊल टाकून ओलांडता येते. मग खाली मॅकनच्या भिंती, मग जुन्या किल्ल्याचा गोल बांध, मग पाय ठेवायचे दगड, मग आपलं कुरण आणि कोपर, मग मोडकी गिरणी, गाव, पूल, आणि तळं. एकूण नऊ मैल. यातलं कुठं ते एका ओळीत लिही. काठ कुठला तेही लिही.

तुझी आई अठ्ठावन्न साली गेली. कोलमननं सांगितलं असेल.

सबायना

*

१६ सप्टेंबर

फेस्टस,

उत्तर नाही. इंग्लंडात हडर्सफील्डला टपाल पोचतं, कोलमनची आई दर आठवड्याला पाठवते. म्हणजे पत्र तुझ्या हातात आहे.

यंत्र गिरणीशी आलं. त्यावरचा मुकादम लोहान म्हणून आहे, टिपररीकडचा, लाल मानेचा, बडबड्या. मी कोपरावर जाऊन उभी राहिले. त्यानं यंत्र बंद केलं आणि खाली उतरला.

"बाई, मासे धरताय का?"

"नाही. हा काठ कापायचा नाही."

"नकाशात कापायचा आहे."

"नकाशा काढणारा इथं आला होता का?"

"तो डब्लिनात बसतो, बाई. त्याला ओलं आवडत नाही."

मी सांगितलं त्याला. लाज नाही वाटली, वाटायला हवी होती कदाचित. एवढ्या वर्षांत मोठ्यानं बोललेली ही पहिलीच वेळ, आणि तीसुद्धा टिपररीच्या माणसापुढं. त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "आमच्याकडं पण आहे तसलं रान. माझी आई त्या बाजूनं जाताना तोंड फिरवायची." मग विचारलं, "मग मी चिखल कुठं टाकू? या काठावर टाकायचा असं ठरलंय. पलीकडं काय आहे?"

"पलीकडं काही नाही. हेसनचं पडीक. दगड आणि झुडपं. टाक तिकडं."

"हेसन ओरडणार नाहीत?"

"हेसनकडं आता म्हातारी डीलिया एकटी आहे. तिला ओरडू दे."

तर कोपर सध्या वाचलंय. तो काठ शेवटी कापायचा असं लोहाननं कबूल केलं, आणि त्याआधी आम्ही हातानं खणून बाळाला काढायचं, चर्चच्या दफनभूमीत नेऊन ठेवायचं. फादर काही म्हणतील तर म्हणू देत. आजकाल तेच लोक म्हणतात, त्या पोरांचं पूर्वी चुकीचं झालं. पूर्वी म्हणजे कधी, तर ते स्वतः सेमिनरीत होते तेव्हा.

तुला लिहायचं नसेल तर नको लिहूस. मला माझं काम करता येतं.

सबायना

*

२४ सप्टेंबर

काही नाही, फेस्टस.

लोहान आणि त्याची दोन माणसं, आणि मी. सकाळी आठपासून. काटेझाडाची मुळं तोडली. माझ्या गारगोट्या बाजूला रचल्या, एकेक. चार फूट खाली गेलो, मग पाच. करडी माती, शिंपले, पुन्हा करडी माती. लोहान मला म्हणाला, "बाई, अशा मातीत एवढ्या वर्षांत काही राहत नाही. लहान जीवाचं तर नाहीच."

मी म्हटलं, "खिळे राहतात. लोण्याच्या रिकाम्या पेटीत ठेवलं होतं त्याला. तिला मी स्वतः अकरा खिळे मारले. उठता येत नव्हतं तरी मारले."

मग ते तिघं पुन्हा खणायला लागले. दुपारी पाणी लागलं. खिळा नाही, फळी नाही.

म्हणजे एकोणीस वर्षं मी करड्या मातीला फुलं वाहिली. आता तुला विचारते ते नीट ऐक. कुठं टाकलंस? गिरणीच्या खड्ड्यात? का बांधावर ठेवून गेलास, कोल्ह्यांना? तू दुपारी गेलास ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळचं दूध काढून झालं तेव्हा उगवलास. तोंडाला व्हिस्कीचा वास. मी अंथरुणातून विचारलं, "झालं?" तू म्हणालास, "झालं." एवढंच. मग मी जे बोलले ते तुझ्या आईसमोर बोलले आणि शेजाऱ्यांनी ऐकलं: पोराला पहिल्या खड्ड्यात टाकून हा प्यायला गेला. तेव्हा तू नाही म्हणाला नाहीस. तेवढं म्हणायला काय लागत होतं? मार्चमध्ये तू बोटीत बसलास. तू गेलास म्हणजे माझं खरंच होतं, असं मी धरलं. गावानंही धरलं.

जाताना मी तुला एकच सांगितलं होतं. एकटं नको ठेवूस त्याला, म्हटलं होतं.

कोपर उद्या कापतील. मी अडवलं नाही. अडवायला काय उरलंय तिथं?

स.

*

३ ऑक्टोबर

फेस्टस,

तुझं पत्र मंगळवारी आलं. पोस्टातली बाई ते उलटंसुलटं करून बघत होती. मी तिच्या हातातून काढून घेतलं आणि तिथंच, टपाल तोलायच्या काट्याशी उभी राहून वाचलं. सहा ओळी. तू शाळेत माझ्यापेक्षाही कमी गेलास हे मी विसरले होते.

तुझंच तुला परत लिहून दाखवते, म्हणजे मी बरोबर वाचलंय का ते कळेल. "कोपरावर नाही. लिशीनमध्ये आहे, हेसनच्या रानात, नदीलगत, हेझलच्या जुन्या झाडाखाली. आईचे दोन तिथं आहेत. त्यांच्या मधे ठेवला. दगड पाण्याखाली होते आणि गावातून, फादरच्या दारावरून, पेटी घेऊन पुलावर जाता येत नव्हतं. म्हणून वरून गेलो. एकटा ठेवला नाही."

तुझ्या आईचे दोन. मला माहीत नव्हतं. तेरा वर्षं एका चुलीपाशी बसलो आम्ही.

आणि हे ऐक. लिशीन वर आहे, जुन्या किल्ल्याच्या बांधाशी, असंच मी समजत आले. मी लग्न होऊन समुद्राकडून आलेली. त्या जागेकडं कुणी बोट दाखवत नाही. लोक नुसतं 'पलीकडं' म्हणतात आणि मान वळवतात. मी 'पलीकडं'चा अर्थ माझा लावला. हेसनचं पडीक, ते कोपराच्या समोरच आहे.

पत्र खिशात घालून मी पुलावरून धावत गेले. डीलिया हेसन दारातच उभी होती. ऐंशी वर्षांची, काठी घेऊन.

"आली का?" म्हणाली. "पंधरवड्यापूर्वी यायला हवी होतीस. ते यंत्र माझ्या रानावर ओकतंय."

"डीलिया, लिशीन कुठंय?"

"होतं तिथंच आहे. तीन फूट चिखलाखाली. मी ओरडले त्या टिपररीवाल्याला. तो म्हणतो, समोरच्या बाईनं सांगितलं, पलीकडं काही नाही." मग माझ्याकडं निरखून बघितलं. "ती समोरची बाई तू काय?"

मी हो म्हटलं.

"देवा रे," म्हणाली. "आणि मी इतके दिवस तिला शिव्या देतेय."

आत बसवलं. चहा दिला, तो मी प्यायले नाही. मग तिनं सांगितलं. त्या सकाळी उजाडताना कुत्रं भुंकलं म्हणून ती बाहेर आली, तर तू अंगणात. छातीपर्यंत काळा, पेटी डोक्यावर धरलेली, ती मात्र कोरडी. आधी तिला तू ओळखूच आला नाहीस. तुझं घर समोर दिसत होतं, नदीपलीकडं, हाक मारली तर ऐकू जाईल एवढ्यावर, आणि तू रात्रभर चालून तिथं आला होतास. "म्हटलं, कुठून आलास रे? तर म्हणतो, वरून. अख्ख्या नदीला वळसा घालून! दलदलीतून, उगमाच्या पलीकडून! म्हटलं, वेडा आहेस का? तर म्हणतो, फावडं द्या."

खणताना ती तुझ्यापाशी थांबली, म्हणाली. बाईनं थांबायचं नसतं, पण ती थांबली. "गारठला होता नुसता. झाल्यावर मी पेला भरला. नको म्हणाला. मी ओठाला लावला, जबरदस्तीनं. एवढाच. मग निघाला, पुन्हा वरूनच. पूल आता मोकळा होता, हात रिकामे होते, तरी वरूनच. म्हटलं, पुलावरून जा रे बाबा. म्हणाला, आत्ता मला कुणी गुड मॉर्निंग म्हटलेलं सोसणार नाही."

एकच पेला, फेस्टस. आणि तोसुद्धा तिनं लावलेला.

तो चिखल मीच टाकायला लावला. तू पंधरवडा आधी लिहिलं असतंस तर. हे मी तुला दोष द्यायला म्हणत नाही. म्हणजे, म्हणतेच आहे थोडं. पण खूण हेझलची होती आणि ते झाड अजून आहे, शेंडा चिखलाच्या वर दिसतोय.

सबायना

*

१३ ऑक्टोबर, रविवार

फेस्टस,

हे पत्र लांब होणार आहे, आणि मला लांब लिहायचा कंटाळा आहे. तरी लिहिते.

लोहाननं यंत्र लिशीनवर न्यायला नकार दिला आणि बरंच केलं. "बादलीला काय कळतं, बाई, कुठं चिखल संपला आणि कुठं लिशीन सुरू झालं ते. हातानंच काढायला हवं." त्यानं चार फावडी ठेवली आणि माणसं घेऊन वर मॅकनच्या भिंतींकडं गेला. डीलिया काठीनं दाखवते, मी उपसते. चिखल आपल्याच काठातून कापलेला आहे, करडा, जड, फावड्याला चिकटतो. एका दिवसात जेवणाच्या टेबलाएवढी जागा साफ होते. तिसऱ्या दिवसापासून आणखी बायका यायला लागल्या. मी बोलावलं नव्हतं. एकीनं तिचं कुणाचं ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही, पण तिनं एक कोपरा धरला आणि संध्याकाळपर्यंत तोच उपसत राहिली.

शुक्रवारी हेझलच्या बुंध्याशी पोचलो. काल दुपारी दगड लागला. खडबडीत, दोन मुठींएवढा, शेवाळलेला. त्याच्या डाव्या हाताला हातभर अंतरावर दुसरा, लहान, पांढरा. तो नदीचा, गुळगुळीत. डीलिया म्हणाली, "मोठा तुझ्या सासूच्या पोराचा. पांढरा तुझा. तो त्यानं खिशातून काढला. वर उगमाशी सापडला म्हणाला." मी काही खणलं नाही. खिळे बघायची गरज नव्हती. चिखलातच बसले. डीलियानं माझ्या डोक्यावर शाल टाकली आणि म्हणाली, "आता थंडी लागून मरू नकोस, मला आणखी एक खणायला जमायचं नाही."

हे सगळं शनिवारचं. आज मिस्सा झाल्यावर मी घरी गेले नाही. कोपरावरून निघाले आणि काठानं वर चालायला लागले. पाय ठेवायचे दगड आता उपसून काढलेत, नदी तिथं सरळ आणि कुरूप झालीय, नालीसारखी. किल्ल्याचा बांध. मॅकनच्या भिंती, तेरा भिंती चढून उतरले, मोजल्या. तिथून पुढं यंत्र अजून गेलेलं नाही आणि नदी पूर्वीचीच आहे. वाकडी, तपकिरी, दगडांशी भांडत येणारी. मग दलदल. मी पन्नाशीला आले, मला पेटी नव्हती, ऑक्टोबरचं ऊन होतं आणि काल पाऊस नव्हता. तरी दोनदा मांडीपर्यंत रुतले. दुसऱ्यांदा बूट आतच राहिला, तो हात घालून काढला. जिथं पाणी उगवतं तिथं नीट झराही नाही. गवत ओलं, मग जास्त ओलं, मग डबकं, मग त्यातून बोटभर पाणी चालायला लागतं. त्या पाण्याच्या वरून मी चालत गेले. या बाजूनं त्या बाजूला. पाऊल टाकून ओलांडायलाही लागलं नाही. मग दुसऱ्या काठानं खाली, हेसनच्या रानापर्यंत. सहा तास लागले, दिवसाउजेडी. तुला नोव्हेंबरात, पुरात, अंधारात. आणि दोनदा.

डीलियाच्या दारात पोचले तेव्हा बूट काढले. बूट काळे होते. सगळे काळे, वरपर्यंत, दलदलीच्या मातीनं.

आता ते सांगते. या पानापर्यंत टाळत आले.

त्या दिवशी तू आलास आणि बूट चुलीपाशी काढून ठेवलेस. तू झोपल्यावर मी उठले. मला उठायचं नव्हतं पण ते बूट तसे बघवेनात. सुरीनं खरवडले. काळी माती निघाली. आपल्या काठाला काळी माती नाही, फेस्टस. गावाकडं नाही, गिरणीशी नाही, दारूच्या दुकानाच्या वाटेवर नाही. कोपरापासून पुलापर्यंत सगळी करडी आहे हे मला तेव्हाही माहीत होतं, मी दोन वर्षं तुझेच बूट घासत होते. काळी माती वर पाच मैलांवर लागते. मी ती सुरीवर बघितली आणि मला कळलं की तू कुठंतरी लांब गेला होतास, दारूच्या दुकानात नाही. सगळं नाही कळलं. पण एवढं कळलं.

आणि तू उठल्यावर मी तरीही ते बोलले. तुझ्या आईसमोर.

का, ते मला सांगता येत नाही. मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि देवावर ओरडायची मला भीती वाटायची. तू समोर होतास. मला वाटलं तू ओरडशील, मग मी रडेन, मग संपेल. तू गप्प बसलास. मग मला ते मागं घेता येईना. तू बोटीत बसलास तेव्हा मी स्वतःला सांगितलं की खरंच होतं. एकोणीस वर्षं रोज थोडं थोडं सांगितलं. तीन आठवड्यांपूर्वी पुन्हा कागदावर लिहून तुला पाठवलं.

ते खोटं होतं. बोलले तेव्हा मला माहीत होतं. हे मी परवा गावातही सांगितलं, दुकानात, पाच माणसं होती. मॅकनची बायको म्हणाली, "अगं, आता कशाला ते?" मी म्हटलं, "गाव ते बोलत होतं तेव्हाही तू इथंच उभी होतीस, तेव्हा नाही म्हणालीस, कशाला ते." कोलमनच्या आईलाही सांगितलं, म्हणजे ते हडर्सफील्डला माझ्या पत्राआधी पोचेल. चालेल.

तुझ्या आईला सांगता येत नाही. ती सगळं जाणून होती. तिचे दोघं कुठं आहेत ते तिनंच तुला सांगितलं असणार, दुसरं कोण सांगणार? मी तिच्यासमोर तुला तसं बोलले आणि ती विणत बसली. नंतरची तेरा वर्षं तिनं माझ्या हातचं खाल्लं, मी तिला आंघोळ घातली, आणि एकदासुद्धा म्हणाली नाही की पोरी, तो माझ्यांच्या मधे आहे. मी विचारावं म्हणून थांबली असेल. किंवा मला तेवढी शिक्षा हवी असं तिला वाटलं असेल. दोन्ही पटतं मला.

ये म्हणत नाही. तुझं तिकडं काय आहे मला माहीत नाही आणि ते विचारायचा हक्क मी घालवला. आलास तर जागा साफ असेल, एवढं सांगते.

आता थांबते, हात दुखतोय. उद्या सकाळी पुन्हा जायचंय. तुझ्या आईचा पहिला सापडला. दुसरा पांढऱ्या दगडाच्या पलीकडच्या अंगाला असणार, तू मधे म्हणालास म्हणजे असणारच. तिथं चिखल सगळ्यात जाड आहे, माझ्या कमरेपर्यंत. डीलिया म्हणते, तुझा मिळाला ना, आता ते वसंतात बघू, जमीन वाळल्यावर. मी नाही म्हटलं. आपला मधे आहे, आणि एका बाजूला अजून कुणी नाही.

सबायना